कार्बनची सायकल आणि बाबांचा पाना

माझे बाबा जबलपूरच्या एका तोफांच्या कारखान्यात फिटर होते. पस्तीस वर्षं त्यांनी तिथे नोकरी केली आणि पस्तीस वर्षं ते एकाच सायकलनं कामावर गेले. काळी, लोखंडी, पुढे आडवा दांडा, मागे कॅरिअर. लहानपणी त्या दांड्याला टॉवेल गुंडाळून ते मला त्यावर बसवायचे आणि राइट टाउनमधल्या माझ्या शाळेच्या फाटकाशी सोडायचे. शाळा त्यांच्या वाटेवर नव्हती, पार उलट्या दिशेला होती. त्यासाठी ते घरून अर्धा तास आधी निघायचे आणि वाटेत मला पाढे म्हणायला लावायचे. उतारावर पाढे भराभर व्हायचे, चढावर मी मुद्दाम विसरायचे, कारण चढावर बाबांना दम लागायचा आणि ते मला दटावू शकायचे नाहीत.

आमचं घराणं मूळ अमरावतीकडचं. आजोबा नोकरीसाठी इथे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो. आजोबा म्हणायचे, आपण कुठे हललोच नाही, सरहद्दच उठून पलीकडे गेली. तेव्हापासून घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी असा आमचा कारभार. बाबा मशीनशी मात्र दोन्ही भाषांत बोलायचे.

आमच्या घरचा सगळ्यात मोठा सण म्हणजे खंडेनवमी. दिवाळीला बाबांना दुपारी झोप यायची, पण खंडेनवमीला त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. आदल्या दिवशी अंगणात जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, पितळी परातीत रॉकेल घ्यायचं आणि सायकल पूर्ण सोडवायची. चाकांतले छर्रे बशीत, नट-बोल्ट काढले त्याच क्रमानं ओळीत. मग आईचं शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, माझ्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा. सगळं पुसायचं, तेल-ग्रीस द्यायचं, पुन्हा जोडायचं आणि कसायचं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि सायकलपुढे नारळ. त्या दिवशी सायकल चालवायची नाही, तिला सुट्टी. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी हे असंच होतं. पुढे पुण्यात गेल्यावर कळलं की लोक गाडीला नुसता हार घालतात आणि मोकळे होतात.

बाबांचे नियम दोनच होते. दांडा नळीत जात असेल तर मध्ये ग्रीस हवं, नाहीतर गंजून तो तिथेच धरतो. आणि नट असेल तिथे हाताला कळ लागेपर्यंत जोर. पान्याचा दांडा आखूड पडला तर ते त्यावर पाइप चढवून लांबी वाढवायचे. "ढिल्ला नट म्हणजे कोणाचा तरी हात," असं ते म्हणायचे. कारखान्यात ढिल्ल्या नटांनी काय काय होतं ते त्यांनी पाहिलं असणार, घरी कधी सांगितलं नाही.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून पुण्याला गेले. तिथे आठ-दहा माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये कार्बन फायबरच्या सायकलींच्या फ्रेम बनायच्या. मुलाखतीत मालक म्हणाले, हे काम बायकांच्या हाताला चांगलं जमतं, पोळ्या लाटायची सवय असते ना. मला इतका राग आला की मी नोकरीच धरली. तिथे सगळ्यांची मी ताई झाले, आणि खरं सांगायचं तर माझ्या पोळ्या आजही नकाशासारख्या होतात.

ते काम मला मनापासून आवडलं. कार्बनचं कापड काळं, केसांहून बारीक धाग्यांचं. त्यात रेझिन, म्हणजे चिकट राळ, आधीच मुरवलेलं असतं, म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवायचं, नाहीतर आपोआप कडक व्हायला लागतं. सकाळी बाहेर काढून त्याला खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्यायचा, मग नमुन्यांवरून तुकडे कापायचे. एका फ्रेमला शेकड्यांनी तुकडे लागतात आणि प्रत्येकाची दिशा ठरलेली. धागा ज्या दिशेला धावतो त्या दिशेला त्याच्यात ताकद, आडवा ओढला तर काहीच नाही. म्हणून एक थर उभा, एक तिरपा, एक उलटा तिरपा, असे एकावर एक बसवायचे. मध्ये हवा राहू द्यायची नाही, घडी पडू द्यायची नाही. आत एक रबरी फुगा, बाहेर दोन भागांचा लोखंडी साचा. साचा बंद करून तापवायचा आणि फुग्यात हवा भरायची. आतून फुगा थरांना साच्यावर दाबत राहतो. थंड झाल्यावर साचा उघडला की आतून एक गुळगुळीत, काळी, वजनच नसल्यासारखी गोष्ट निघते. पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा मला बाबा आठवले. त्यांच्या सायकलचं नुसतं कॅरिअरही याहून जड होतं.

तेव्हा बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. रोज सकाळी ग्वारीघाटाला जाऊन नर्मदेला हात जोडायचे, एवढा एकच कार्यक्रम त्यांनी निवृत्तीसाठी राखून ठेवला होता. जाताना ठीक, येताना चढावर सायकल ढकलत आणायचे. स्कूटर नको म्हणायचे. आई फोनवर सांगायची, "चालून चालून येऊन राहिले, अन् सायकल सोबत फिरायला नेऊन राहिले."

म्हणून मी त्यांच्यासाठी एक फ्रेम बनवायचं ठरवलं. मालकांनी एक जुना साचा वापरू दिला. कामाचे तास संपल्यावर मी थांबायचे. सगळे थर मी एकटीनं बसवले. बाबांच्या पायांची लांबी मला पाठ होती, कारण त्यांच्या पँटी मीच शिंप्याकडे न्यायचे. फ्रेम साच्यातून निघाल्यावर सीटचा दांडा नीट बसावा म्हणून नळी आतून घासून गुळगुळीत केली. मग नाणं घेऊन सगळ्या फ्रेमवर टकटक केली. आमच्याकडे ही परीक्षाच होती. थर एकमेकांपासून सुटले असतील तर तिथे आवाज बद्द येतो. माझी फ्रेम सगळीकडे खणखणीत वाजली. त्या संध्याकाळी मी इतकी खूष होते की शेजारच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती सायकल घेऊन जबलपूरला गेले. बाबांनी ती दोन बोटांनी उचलली, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली आणि म्हणाले, "हे तर पुठ्ठ्याचं आहे, बेटा."

"बसा तर एकदा."

बसले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आलेच नाहीत. पाऊण तासानं आले ते घामानं डवरलेले, आणि चेहरा असा की जणू काही शाळा बुडवून आलेत. थेट घाटावर जाऊन आले होते, चढावर न उतरता. मग आठवडाभर कारखान्यातले एकेक जुने सोबती आले आणि प्रत्येकानं सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली. "बिटिया ने बनाई है," बाबा सांगायचे. मला आजवर मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांमध्ये त्या चार शब्दांचा नंबर पहिला आहे.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पुढच्या आडव्या दांड्यावर बसायचं नाही. सायकल पडली, आपटली तर आधी मला फोन, मग चालवणं. लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सांगतं. कार्बन सांगतही असेल, पण फार हळू, आणि मग एकदम तुटतो. नट कसायला मी एक खास पानाही दिला होता. आकडा लावून ठेवायचा, तेवढा जोर झाला की तो कट्ट वाजतो आणि आपण थांबायचं. सीटचा दांडा धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पसाठी मी तो पाचावर लावून दिला. बाबांनी तो फिरवून पाहिला, कट्ट वाजवला आणि खिळ्याला टांगून ठेवला. त्या पान्यानं घट्ट झालेला नट त्यांच्या मते अजून सुरूच झालेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. कार्बनच्या नळीत कार्बनचा दांडा घालताना ग्रीस लावत नाहीत. एक खरखरीत पेस्ट लावतात, तिच्यात बारीक कण असतात. त्यामुळे दांडा थोड्या जोरातही धरून राहतो आणि क्लॅम्प फार आवळावा लागत नाही. ती पेस्ट मी पुण्यातच लावून आणली होती, म्हणून सांगायचं सुचलं नाही.

पुढे खंडेनवमी आली. बाबांनी अंगणात वर्तमानपत्रं अंथरली आणि सायकल सोडवली. सीटच्या नळीत त्यांना ती पेस्ट दिसली. त्यांना वाटलं, घाटावरची वाळू आत गेली. रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी ती एकेक कण निघेपर्यंत पुसली आणि दांड्याला छान ग्रीस दिलं. मग क्लॅम्प कसला. वर बसले तर सीट हळूच खाली सरकली. आणखी कसला, तरी सरकली. तेव्हा त्यांनी पान्यावर पाइप चढवला.

त्याच दुपारी त्यांचा मला फोन आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी लपवलं नाही. दोष दिसला की त्याच पाळीत कळवायचा, ही त्यांची जन्माची सवय.

"सीट सरकून राहिली होती म्हणून थोडी कसली. तर टिक असा आवाज आला. क्लॅम्पच्या खाली एक केसाएवढी रेघ दिसून राहिली."

"थोडी म्हणजे किती, बाबा?"

"जितकी कसतात तितकी."

"अजिबात चालवू नका. मी दिवाळीला येते," एवढंच मी म्हणाले. पण त्या तीन आठवड्यांत मी आतल्या आत शिजत राहिले. माझा राग असाच आहे, लगेच उतू गेला तर बरा, साठला तर त्याचं विष होतं.

दिवाळीला घरी पोचले. बाबांचे कारखान्यातले एक सोबती फराळाला आले होते, बाबांच्याच हाताखाली काम शिकलेले. मी चहासुद्धा घेतला नाही, थेट सायकलपाशी गेले. दांडा हलवून पाहिला, ग्रीसनं माझी बोटं माखली. क्लॅम्पच्या खाचेपासून रेघ खाली चार बोटं गेलेली. नाण्यानं ठोकलं, आवाज बद्द. कार्बनची दुरुस्ती होते, आम्ही करायचोही, पण क्लॅम्पच्या खाचेपाशी चीर असली की आमच्याकडे ती फ्रेम घेत नसत. सहा महिन्यांच्या माझ्या संध्याकाळी त्या रेघेत गेल्या होत्या.

"ग्रीस कोणी लावायला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नळीत दांडा आहे ना, बेटा. ग्रीस तर..."

"हे लोखंड नाही. किती वेळा सांगू? तुमचे कारखान्यातले हात याला चालत नाहीत. मी खास पाना दिला, तो खिळ्याला टांगला. तुम्ही मेला असता रस्त्यावर. आता कृपा करा आणि घरातल्या कशालाच हात लावू नका."

सोबती हातातल्या चकलीकडे बघत बसले. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. बाबांनी हळूच विचारलं, "मग आता हिचं काय?"

मी सांगितलं, अशी फ्रेम भंगारात द्यायची नसते. कोणीतरी ती रंगवून पुन्हा रस्त्यावर आणतो. कापून टाकायची.

"कापायला तरी हात लावू ना?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, ते खरंच परवानगी मागत होते. ते मला तेव्हा कळलं नाही.

मी त्यांच्या तोंडाला गमछा बांधला, कारण कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते, आणि ओलं फडकं ठेवून कापायला सांगून घरात गेले. बराच वेळ करवतीचा आवाज येत होता. मग थांबला. मग बऱ्याच वेळानं बाबा आत आले. त्यांच्या हातात क्लॅम्पसकट वीतभर नळीचा तुकडा होता. त्यात सीटचा दांडा तसाच अडकलेला, बाहेर ती रेघ स्पष्ट. कापलेल्या बाजूनं तो तुकडा त्यांनी सागवानाच्या एका ठोकळ्यावर चिकटवला होता. ठोकळ्याच्या कडा घासून गोल केलेल्या.

"घेऊन जा. तिथल्या पोरांना दाखवायला होईल," ते म्हणाले. "खाली लाकूड असलं की नीट उभा राहील."

मी तो ठोकळा पुण्याला नेला आणि खरंच पोरांना दाखवू लागले. वर्कशॉपमध्ये नवीन कोणी आलं किंवा कोणी गिऱ्हाईक सायकल न्यायला आलं की मी तो टेबलावर ठेवायचे आणि गोष्ट सांगायचे. माझे बाबा, पस्तीस वर्षं फिटर, वाळू समजून पेस्ट पुसली, वर ग्रीस, वर पाइप. मी बाबांची नक्कलही करायचे, "जितकी कसतात तितकी." लोक पोट धरून हसायचे. मग पाचाचा आकडा कोणी विसरायचं नाही. दोन वर्षं मी ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती जरा जास्त रंगायची.

या दोन वर्षांत घरचे फोन नेहमीसारखेच यायचे. एकदा आई म्हणाली, "पाण्याच्या मोटारचा मिस्त्री येऊन गेला आज." दुसऱ्यांदा, "पंखा दुरुस्तीला भैयाला बोलावलं." माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आमच्या घरी याआधी कधी मिस्त्री आलेला नव्हता. घाटावर आता बाबा जुन्या सायकलनं जातात का, असं विचारलं तर आई म्हणाली, "ऑटोनं जातात कधी कधी." मला बरंच वाटलं, गुडघ्यांना आराम.

मग एके दिवशी सफाई करताना तो ठोकळा टेबलावरून फरशीवर पडला. चिकटवलेला जोड सुटला, लाकूड एकीकडे, नळी एकीकडे. मी नळी उचलली आणि कापलेली बाजू पहिल्यांदा पाहिली.

नळीचा काप म्हणजे थरांचा दाखला. एकावर एक, सरळ, वहीच्या पानांच्या कडा दिसतात तसे थर दिसायला हवेत. इथे एका जागी ते थर लाटेसारखे उचलले गेले होते आणि लाटेखाली एक बारीक पोकळी होती. घडी. थर बसवताना पडलेली सुरकुती. बाहेरून साच्यानं ती गुळगुळीत करून टाकलेली, आतून मी घासलं तेव्हा तिचा उंचवटा निघून गेला, आणि त्याबरोबर धागेही तुटले. नाण्याच्या ठोक्याला असली सुरकुती सापडत नाही. आणि बाहेरची रेघ बरोबर त्याच सुरकुतीच्या डोक्यावरून खाली आली होती. ते थर माझ्याशिवाय कोणाच्याच हाताचे नव्हते.

सुरकुतीभोवती पिवळ्या खडूचा एक छोटा गोल काढलेला होता. गोंदाखाली तो पुसट झाला होता, पण होता. कारखान्यात तपासणीत दोष सापडला की त्याभोवती पिवळ्या खडूनं गोल करायचा, ही बाबांची रीत. घरी छत्रीला भोक पडलं तरी ते आधी गोल करायचे, मग शिवायला द्यायचे. कापून झाल्यावर त्यांना सुरकुती दिसली होती. सवयीनं हातानं गोल काढला. आणि मग त्यांनी ती बाजू लाकडावर चिकटवून टाकली.

मी त्या फरशीवरच बसले. आजूबाजूला पोरं होती, त्यातल्या एकानं विचारलं, "ताई, काय झालं? तुटलं का?" दोन वर्षं मी ज्या माणसाची नक्कल केली होती त्यानं माझी चूक स्वतःच्या चुकीखाली झाकून ठेवली होती. लाज वाटली असं म्हणणं फार सौम्य होईल. मला माझ्या तोंडाचा तिरस्कार वाटला.

त्याच दिवशी मी मालकांकडे गेले आणि तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्या महिन्यांत मी बसवलेल्या फ्रेम शोधून परत मागवल्या. एक कापून पाहिली, ती चांगली निघाली, बाकीच्या आतले थर दाखवणाऱ्या मशीनवर तपासल्या, त्याही ठीक होत्या. बाबांचीच तेवढी संध्याकाळी, थकलेल्या हातांनी, एकटीनं बनवलेली होती. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक फ्रेमचे थर दुसऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय साचा बंद होत नाही. चिरेत बाबांच्या जोराचा वाटा किती आणि माझ्या सुरकुतीचा किती, हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही. मालक म्हणाले, चांगल्या नळीनंही तो पाइप सहन केला असता की नाही, देव जाणे.

मी जबलपूरची गाडी धरली. फोनवर बोलायची माझी हिंमत नव्हती.

पोचले तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. कोपऱ्यातली पाण्याची मोटार खडखडत होती. मी पिशवीतून नळीचा तुकडा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, कापलेली बाजू वर. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाहिलं आणि म्हणाले, "गोंद कच्चा निघाला."

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो, दिसलं होतं."

"मग काहून नाही सांगितलं?" घरी आलं की माझीही जीभ घरची होते.

"तू इतकी खात्रीनं बोलून राहिली होती. अन् नोकरी नवी होती तुझी." त्यांनी नळीचा तुकडा मांडीवर फिरवला. "एकाची चूक तर निघालीच होती. दुसऱ्याची काहून काढायची?"

"तुम्ही कारखान्यात असं केलं असतं?"

"नाही," ते म्हणाले. "तिथं नसतं केलं." मग हळूच म्हणाले, "इथंही नव्हतं करायला पाहिजे. दुसऱ्या सायकलींवर लोक बसून राहिले असतील, हे मले मागून सुचलं. मग सांगायची लाज वाटली."

सगळ्या तपासल्या, सगळ्या ठीक आहेत, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मी त्यांची माफी मागितली. सुरकुतीची, पेस्टची, त्या सोबत्यांपुढे बोलले त्याची, दोन वर्षं केलेल्या नकलेची. नकलेचं ऐकून ते हसले, करून दाखव म्हणाले. मला करता आली नाही.

मोटार खडखडतच होती. मी म्हटलं, "बाबा, हिचा खालचा नट सुटला वाटतं. कसता का?"

मीच खाटेखालची त्यांची हत्यारांची पेटी ओढून काढली. झाकण चिकटून बसलं होतं. आत पान्यांवर गंजाचे ठिपके होते. बाबांच्या पान्यावर गंज मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्यातल्या त्यात बरा पाना पुसून त्यांच्या हातात दिला आणि मोटार बंद केली. ते खाली बसले, एका हातानं भिंत धरून. पाना नटाकडे नेला. तो नटावर बसेना. एकदा डावीकडे गेला, एकदा वर आपटला. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग पाहिलं तर हात थरथरत होता, मनगटापासून, चांगलाच.

आई दारातून म्हणाली, "सालभर झालं, हात असे करून राहिले. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू आहेत. तुले सांगू नको म्हणाले."

"सालभर?"

"हो. त्याआधी चांगले होते."

बाबांनी पाना माझ्या हातात दिला. "तू कर. मी सांगतो," म्हणाले. मी नट कसला. ते भिंतीला टेकून मोटारीच्या पायावर हात ठेवून बसले होते, किती फिरवायचं, कुठे थांबायचं ते सांगत होते, आणि मी प्रत्येक शब्द ऐकत होते. मोटार सुरू केली, आवाज गेला. ते खूष झाले. मी मात्र मनात हिशेब करत होते. मी हात लावू नका म्हणाले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि हात थरथरायला लागून एक. मधलं एक अख्खं वर्ष त्यांचे हात धडधाकट होते, आणि त्या वर्षात त्यांनी घरातला एकही नट कसला नाही, कारण मी तसं सांगितलं होतं.